सिद्धाण्णाचं खोकं

सास्तूरला एसटीतून उतरून "सिद्धाराम हत्तरग्यांचं दुकान कुठंय?" असं विचारलं, तर समोरचा माणूस डोकं खाजवतो. "खोकेवाले सिद्धाण्णा" म्हणालात की त्याचं बोट आपोआप वर जातं.

दुकान खत-बियाणांचं आणि पेंडीचं. हंगामात तूर-सोयाबीनची खरेदीही चाले. मालक पन्नाशी उलटलेले, कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे, अंगात पांढरी बंडी. माणूस शब्दाला पक्का आणि वजनकाट्याला सरळ, पण वस्तू उघडायची म्हटली की त्याचा जीव कासावीस व्हायचा. मोटारसायकलच्या सीटवर कंपनीतून आलेलं प्लास्टिक होतं, ते उन्हानं करपून चुरा व्हायला लागलं तेव्हा अण्णांनी त्याच्यावर दुसरं प्लास्टिक घातलं. मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर आलेली पातळ फिल्म त्यांनी कधी काढली नाही. ती आता इतकी धुरकट झाली होती की घड्याळ घालून अण्णा गिऱ्हाइकालाच विचारत, "किती वाजले हो?"

घरी तर माळाच भरलेला. मिक्सर खोक्यात, इस्त्री खोक्यात, कुकर खोक्यात. बायको शिवकांता अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात डाळ शिजवायची आणि ती शिजेपर्यंत मान वर करून माळ्यावरच्या कुकरच्या चित्राकडं बघायची. चित्रातली बाई गेली कित्येक वर्षं त्याच कुकरजवळ हसत उभी होती.

"तिला हसायला काय जातंय," शिवकांता म्हणायची. "तिला डाळ घोटावी लागत न्हाय."

लोक हसत, पण जुन्या माणसांना यामागचं कारण ठाऊक होतं. भूकंप झाला तेव्हा अण्णांचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सणाला दोघं सासुरवाडीला, नळदुर्गला गेले होते. परत आले तर घराच्या जागी दगडांचा ढीग. घरची माणसं शेतात झोपायला गेली होती म्हणून वाचली, शेजारच्या गल्लीच्या नशिबात तेवढंही नव्हतं. ढीग उपसताना शिवकांताच्या आहेराची भांडी निघाली. पितळी घागर पापडासारखी चपटी, कपबश्यांचा नुसता भुगा. एकच वस्तू धड सापडली. मामानं दिलेला काचेचा जग, तोही पेंढ्याच्या खोक्यात तसाच राहिलेला म्हणून. अण्णांनी तो जग हातात घेतला आणि ढिगावर बसून ते पहिल्यांदा रडले. खोक्यात राहिलेलं वाचतं, हे त्यांच्या मनात त्या दिवशी शिरलं आणि तिथंच घर करून बसलं.

पुढं नवं गाव वसलं, धंदा सावरला. तेव्हा कुणीतरी सांगितलं की कॉम्प्युटर घेतला की हिशोब आपोआप होतो. अण्णांनी सोलापूरहून एक आणला. दोन भली मोठी खोकी टेम्पोतून उतरली, दुकानामागच्या खोलीत मांडली गेली. शुक्रवारी मुहूर्तावर उघडायचं ठरलं. आणि गुरुवारी सकाळी जमीन पुन्हा थरथरली. हादरा बारीकच होता, पण फळीवरच्या औषधाच्या बाटल्या खाली आल्या, भिंतीवरचं घड्याळ पडलं, गुळाचा डबा लोळत रस्त्यावर गेला. अण्णा धावत मागच्या खोलीत गेले तर दोन्ही खोकी जागची हललेली नाहीत. त्यांनी खोक्यावर हात ठेवला.

"ह्यो लई शहाणा हाय," ते म्हणाले. "ह्याला आतच राहू द्या."

तो शुक्रवार गेला, आणि मग शुक्रवार जातच राहिले. खोक्यांवर चादर आली, दसऱ्याला त्यांना झेंडूची माळ पडू लागली, पण चिकटपट्टीला कुणी नख लावलं नाही.

या सगळ्याचा सर्वांत जास्त ताप व्हायचा तो नबीलाल शेखला. नबीलाल म्हणजे अण्णांचा शाळेपासूनचा दोस्त. समोरच्या बाजूला त्याचं दुरुस्तीचं दुकान. रेडिओ, टीव्ही, मोटार, जे येईल ते. पण त्याचा खरा जीव जुन्या कॉम्प्युटरांत. उमरग्याच्या, लोहाऱ्याच्या कार्यालयांतून मोडीत निघालेले कॉम्प्युटर तो पोत्यानं आणायचा आणि चालू करायचा. एकाही कॉम्प्युटरला झाकण नव्हतं. एक तर टेबलफॅन लावल्याशिवाय चालायचाच नाही. त्याच्यावर नबीलाल लग्नपत्रिका छापायचा, आणि छापखाना सुरू झाला की टरर-टरर आवाजानं समोरच्या झाडावरचे कावळे उडायचे.

"वस्तू चालली तर जिती, न्हायतर मयत," हे त्याचं मत. "सिद्धाण्णा, तू कॉम्प्युटर घेतला न्हाईस यार, तू त्याला मूठमाती दिलीस."

"आणि तुझ्या हातात आलेला कॉम्प्युटर हालहाल होऊन मरतो, त्याचं काय?" अण्णा विचारत. "तुझी भुवई कुठंय उजवीकडची?"

या प्रश्नावर नबीलालचा हात कपाळाकडं जाई, कारण एका कॉम्प्युटरनं चालू होता होता त्याची अर्धी भुवई नेली होती.

असं चाललेलं असताना नबीलालनं एक उद्योग केला. दसऱ्याला माळ घातलेल्या खोक्यांचा फोटो काढून त्यानं मोबाइलवर टाकला आणि खाली लिहिलं, "मराठवाड्यातला सर्वांत आळशी कॉम्प्युटर. जन्मल्यापासून झोपून." थट्टा म्हणून टाकलेला तो फोटो या हातातून त्या हातात फिरत कुठच्या कुठं गेला, आणि पंधरवड्यानं अण्णांच्या दुकानापुढं एक पांढरी गाडी थांबली.

गाडीतून एक बाई उतरल्या. महेश्वरी त्यांचं नाव. सोलापुरात एका जुन्या गिरणीच्या इमारतीत यंत्रांचं संग्रहालय उभं राहत होतं, त्याचं काम बघणाऱ्या. अण्णांनी खोलीचं दार उघडलं तसं त्यांनी आधी पर्समधून पांढरे सुती हातमोजे काढून घातले आणि मग चादरीचं टोक उचललं. चिकटपट्टीजवळ नाक नेऊन पाहिलं. एक दीर्घ श्वास घेतला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "याला कुणी हात नाही ना लावला?"

"न्हाय."

"एकदाही नाही?"

"धूळ झाडताना बी कापडानं."

"तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय जपलंय!"

अण्णांचे कान तांबडे झाले. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं. गाव हसलं, मेव्हणे हसले, खुद्द बायको हसली, आणि आज एक शिकलेली बाई हातमोजे घालून त्यांच्या खोक्यापुढं जवळजवळ हात जोडून उभी होती. अण्णांनी त्यांना घरी नेलं. मिक्सर दाखवला, इस्त्री दाखवली, प्लास्टिकमधला रिमोट दाखवला. बाई प्रत्येक वस्तूला "वा!" म्हणत होत्या. स्वैपाकघराच्या दारात उभी शिवकांता मात्र प्रत्येक 'वा!'ला कपाळावर हात मारत होती. आधीच उल्हास, त्यात ही पाठ थोपटणारी आली. आता चहाच्या पुड्यासुद्धा खोक्यात जाणार!

बाईंना खोकी संग्रहालयासाठी हवी होती, जशीच्या तशी, सीलबंद. अण्णा मनातून तयारच होते. पण त्यांच्यापुढं एक अडचण होती. आत नक्की काय आहे, हे लिहून द्यावं लागणार होतं. खोक्यावर चित्र कॉम्प्युटरचं, पण आत विटा निघाल्या तर? उघडून बघावं तर सीलबंद राहत नाही.

अण्णांनी खोकं काट्यावर ठेवलं. वजन भरलं, पण विटांनाही वजन असतंच. नबीलालनं खोक्याला कान लावला आणि जरा हलवलं, तर बाई किंचाळल्या. शेवटी तोच म्हणाला, "आमचा अबुजर उमरग्याला एक्स-रे काढतो. माणसाच्या आतलं दिसतं तर ह्याच्या आतलं न्हाय दिसणार?"

सगळे हसले. मग एकेकाचं हसू थांबलं, कारण दुसरा उपाय कुणालाच सुचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत गाद्या घालून दोन्ही खोकी उमरग्याला निघाली. नबीलाल आणि शिवकांता पुढं बसले, बाईंची गाडी मागून. अण्णा मागं खोक्यांना धरून बसले. खड्डा आला की स्वतः उचलले जात, पण खोक्याला धक्का लागू देत नसत. दवाखान्यात मोडल्या हातापायांची माणसं बाकावर रांगेनं बसली होती, त्यांच्या शेवटी खोकी ठेवली. एका म्हातारीनं खोक्याकडं बघून विचारलं, "ह्यात कोण हाय बाबा?"

"कॉम्प्युटर हाय मावशी."

"पडला का काय?"

"पडू नये म्हणून तर खोक्यात हाय," अण्णा म्हणाले.

अबुजर हा नबीलालचा पुतण्या, कामाला चोख. यंत्र पेशंटचं नाव घातल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, म्हणून त्यानं विचारलं, "अण्णा, नाव काय घालू? वय?" बऱ्याच चर्चेनंतर नाव घातलं 'कॉम्प्युटर सिद्धाराम हत्तरगे' आणि वय एकोणतीस. पुढचा रकाना स्त्री की पुरुष हा होता. "पुरुष घाल," शिवकांता म्हणाली. "इतकी वर्षं काम न करता पडून राहिलाय म्हणजे पुरुषच."

फोटो निघाले. काळ्या पडद्यावर राखाडी सावल्या उमटल्या. विटा नव्हत्या. पत्र्याची पेटी, तारा, पट्ट्या, स्क्रू, सगळं जागच्या जागी. बाईंनी टाळ्या वाजवल्या. अण्णांना आपल्याच पोटचं पोर पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटलं.

"आणि हे काय?" नबीलालनं बोट ठेवलं. खोक्याच्या कोपऱ्यात, उचलायला हात घालायचं भोक असतं त्याच्याजवळ, बारीक बारीक काड्यांची एक सुबक रांग होती. चार पाय, लांब शेपटी.

"पाल," अबुजर म्हणाला.

"सीलबंद आहे असं लिहिताना," बाई विचार करत म्हणाल्या, "पालीचा उल्लेख करावा लागेल."

एवढ्यात डॉक्टर आत आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी सवयीनं फोटोकडं पाहिलं, चष्मा वर केला आणि एका जागी पेन टेकवलं. "इथं सूज दिसतेय. आजूबाजूला पसरलंय. हे उघडावं लागेल. पेशंटनं काही खाल्लं नाही ना?"

हसून हसून अबुजरला भिंत धरावी लागली. नबीलाल मात्र हसला नाही. तो फोटोच्या अगदी जवळ गेला. "सिद्धाण्णा, ही बॅटरी हाय. आतलं घड्याळ चालवायची बारीक बॅटरी. फुगून फुटल्यावाणी दिसायलीय. हिच्यातलं पाणी सगळी पट्टी खाऊन टाकतं. न वापरता बी."

अण्णांनी महेश्वरीबाईंकडं पाहिलं. ही बाई तरी 'नाही' म्हणेल, अशी त्यांना आशा होती.

"शक्य आहे, काका," त्या म्हणाल्या. "त्या काळच्या बऱ्याच यंत्रांचं असं होतं. तुम्हाला खोटं नाही सांगणार. उघडलं तर सील गेलं. नाही उघडलं तर आतून सडत राहील, बाहेरून मात्र नवंच दिसेल. आमच्याकडं अशाही वस्तू आहेत. तुम्ही म्हणाल तसं करू."

परतीच्या वाटेत अण्णा खोक्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून बसले. घरी येऊन माजघरात टेकले. चहा गार झाला. शिवकांतानं तो उचलून आत ठेवला. मग तिनं स्टूल ओढलं, पदर खोचला आणि माळ्यावरून कुकरचं खोकं खाली काढलं.

"आगं, काय करायलीस?"

"खोकी तुमची. कुकर माझ्या भावानं दिलेला हाय."

तिनं चिकटपट्टी टर्रकन ओढली. आतून लखलखीत कुकर निघाला, आरशासारखा. तिनं झाकणातली रबराची रिंग हातात घेतली, ताणून बघितली, आणि रिंगेचे शेवेसारखे तुकडे होऊन जमिनीवर पडले.

अण्णा तुकड्यांजवळ उकिडवे बसले.

"माझ्यासंगंच म्हातारा झाला की," शिवकांता म्हणाली. "फरक इतकाच, म्या सैपाक तरी केला."

अण्णांना हसू आलं. ते दाबायला गेले तर जास्तच आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी केव्हा आलं ते कळलं नाही. त्यांनी रबराचा एक तुकडा उचलून बोटांत चुरला. "त्या दिवशी तुझी सगळी भांडी गेली ना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं, परत तुझं काय फुटू द्यायचं न्हाय."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "पर वापरून फुटलं तर मला चालतंय हो."

ते उठले आणि चप्पल घालून थेट नबीलालच्या दुकानात गेले. "रविवारी उघडू," म्हणाले. "पर भुवई सांभाळून."

रविवारी अर्धं गाव दुकानापुढं जमलं. अण्णांनी खोक्याला विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं, नारळ फोडला. चिकटपट्टी कापायचं काम महेश्वरीबाईंनी मागून घेतलं. पातळ पात्यानं, खालच्या अंगानं, खोक्याला ओरखडा न काढता. तोवर अण्णा डोळे मिटून शिवाची पंचाक्षरी म्हणत होते. थर्मोकोल निघाला, त्याच्यामागून पाल निघाली, वाळून कागद झालेली. बाईंनी ती चिमट्यानं उचलून एका पिशवीत घातली. आणि मग कॉम्प्युटर बाहेर आला. गावात सगळ्यांचे कॉम्प्युटर काळे, हा दुधावरच्या सायीच्या रंगाचा. "आलं बाळ!" कुणीतरी ओरडलं.

पत्रा उघडला तर बॅटरीभोवती हिरवट बुरा साचलेला. नबीलालनं ती काढून टाकली. लिंबाचा रस आणि दात घासायचा ब्रश घेऊन तो तासभर पट्टीवर वाकला. पुसलं, उन्हात वाळवलं, फुंकर मारली. एरवी धसमुसळा असलेला हा माणूस आज बाळाचे कान साफ करावेत तसा काम करत होता. बाईंनी आपले हातमोजे काढून त्याला दिले. ते त्याच्या हातात शिरले नाहीत, पण त्यानं मान लववली.

वायर जोडली. लोक दोन पावलं मागं सरले. नबीलालनं डाव्या हातानं भुवई झाकली आणि उजव्यानं बटण दाबलं.

आधी घरघर. मग एक 'पीं'. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर चढू लागली आणि एका जागी येऊन थांबली.

"काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

"आजची तारीख विचारतोय," बाई म्हणाल्या.

गर्दीत हशा पिकला. "त्याला काय ठावं बिचाऱ्याला!" "सांगू नका रं एकदम, घाबरंल!"

तारीख घातली. मग नबीलालनं अण्णांना खुर्चीत बसवलं. "आता तुझं नाव लिही. तुझाच हाय." अण्णांनी कधी कॉम्प्युटरला बोट लावलेलं नव्हतं. त्यांनी एकेक अक्षर हुडकून, उजव्या हाताच्या तर्जनीनं, टिळा लावावा तसं दाबत इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. मोठं बटण दाबलं. पडद्यावर लगेच एक ओळ उमटली.

"काय म्हणाला?"

महेश्वरीबाई जरा अडखळल्या. "म्हणतोय... हा हुकूम चुकीचा आहे. असलं काही आपल्याला माहीत नाही."

"बरोबर वळखलं!" शिवकांता मागून म्हणाली, आणि दुकानाचे पत्रे उडतील असा हशा झाला. सर्वांत मोठ्यानं हसले ते अण्णा.

गर्दी पांगल्यावर ते बाईंजवळ गेले. "मॅडम, माफ करा. तुमचं नुकसान झालं."

"नुकसान?" बाई मोकळ्या खोक्याच्या कडेवरून हात फिरवत होत्या. "काका, असा कॉम्प्युटर शोधला तर अजून चार मिळतील. पण त्याचं खोकं कोण ठेवतं? थर्मोकोल, पिशव्या, चिकटपट्टीसकट? लोक चूल पेटवतात त्यानं. मला हे द्याल?"

अण्णांना आधी वाटलं थट्टा करतात. मग त्यांनी स्वतः दोन्ही खोकी उचलून गाडीत ठेवली आणि वरून चादरही दिली.

त्या हंगामात कॉम्प्युटरनं हिशोब काही केला नाही. अण्णांना तो जमला नाही. पण नबीलालनं त्यांना पडद्यावर मोठी अक्षरं काढायला शिकवलं, आणि अण्णांनी पडदा रस्त्याकडं तोंड करून दारात ठेवला. रोज सकाळी त्याच्यावर तूर, सोयाबीन, हरभऱ्याचा भाव झळकायचा. मोटारसायकलवाले गाडी न थांबवता भाव वाचून जायचे, बैलगाडीवाले थांबून वाचायचे. शिवकांताची नवी तक्रार सुरू झाली. जेवायला हाका मारून घसा बसला तरी माणूस त्या खुर्चीतून उठत नाही.

पुढं उन्हाळ्यात एका दुपारी 'फट्' असा आवाज झाला, धुराची एक रेघ वर गेली आणि पडदा काळा झाला. नबीलाल धावत आला, पत्रा उघडला, बराच वेळ आत बघत राहिला आणि अपराध्यासारखा म्हणाला, "गेला रे सिद्धाण्णा." आता हा माणूस आपल्याला कच्चा खाणार, अशी त्याची तयारी होती.

अण्णांनी कॉम्प्युटरच्या पाठीवरून हात फिरवला. अजून ऊन होता. "काम करता करता गेला," ते म्हणाले. "असं मरण कुणाला येतं? तुझ्याकडं दुसरा हाय का एखादा?"

दिवाळीच्या आधी सोलापुरात संग्रहालय उघडलं. आमंत्रण आलं म्हणून अण्णा शिवकांताला घेऊन गेले. मोठ्या दालनात काचेच्या पेटीत दिवे सोडलेले, आणि आत त्यांची दोन्ही खोकी. खालच्या पाटीवर 'सास्तूरच्या शिवकांता व सिद्धाराम हत्तरगे यांच्याकडून' असं लिहिलेलं, आणि बाजूला छोट्या डबीत पाल. शिवकांतानं पाटी दोनदा वाचली. "माझं बी नाव आलंय की," ती म्हणाली.

अण्णांनी काचेवर बोट टेकवून तिला चिकटपट्टीचं टोक दाखवायला सुरुवात केली, तोच पहारेकरी ओरडला, "ओ काका! काचेला हात नाही लावायचा! डाग पडतात!"

अण्णांनी चटकन हात मागं घेतला. धोतराच्या सोग्यानं काचेवरचा ठसा पुसला, पहारेकऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि शिवकांताच्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. कुठल्या गावचं हाय ते विचार बरं."